ऑफिसच्या लॅपटॉपमधून आपलं खासगी आयुष्य बाहेर कसं काढायचं

कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं ठेवणारे लोक बहुतेक प्रत्येक ऑफिसात सापडतील. संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत म्हटल्यावर कंपनीला ते दिसणार नाहीत, असं त्यांनी धरलेलं असतं. एन्क्रिप्शन वाटेवरच्या माणसापासून वाचवतं. दोन्ही टोकांना मजकूर उघडाच असतो, आणि ऑफिसचा लॅपटॉप हे त्यातलंच एक टोक आहे, तेही कंपनीच्या ताब्यातलं. त्यावर दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल, तर घरच्यांशी झालेलं बोलणं, डॉक्टरांनी पाठवलेला रिपोर्ट, दुसऱ्या कंपनीच्या एचआरचा निरोप, सगळं त्या फोटोत येतं.

ही पाळत चुकवण्यासाठी लोक आधी युक्त्या शोधतात. इन्कॉग्निटो विंडो, आपोआप हलणारा माउस, टास्क मॅनेजरमधून एखादा प्रोग्राम बंद पाडणं. यातली एकही टिकत नाही, आणि दोन तर नोकरीवर बेततात. टिकतं ते एवढंच: खासगी गोष्टी कंपनीच्या यंत्रांवरून आणि खात्यांवरून पूर्णपणे उचलून आणणं, आणि कामावर जी पाळत राहणारच आहे तिचे नियम लेखी मागणं.

पाळत कुठे बसलेली असते

आधी यंत्र तपासा. विंडोजवर सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’. तिथे कंपनीचं नाव असेल, तर त्या यंत्रावर काय बसवायचं आणि काय काढायचं हे कंपनी दुरून ठरवू शकते. पाळतीची बरीच सॉफ्टवेअर लपून चालतात आणि प्रोग्रामच्या यादीत दिसतही नाहीत. त्यामुळे यादीत काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कंपनीचं यंत्र पाहिलं जातंय असं गृहीत धरूनच वापरा. आणि असं सॉफ्टवेअर सापडलं तरी ते स्वतः काढायला जाऊ नका. ते बंद पडल्याची सूचना आयटीकडे लगेच जाऊ शकते, आणि बहुतेक कंपन्यांच्या धोरणात हे शिस्तभंगाचं कारण असतं.

दुसरी जागा नेटवर्कची. ही तपासणी एका मिनिटात होते, पण फार थोड्यांना माहीत असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये एखादी साधी वेबसाइट उघडा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, ‘कनेक्शन इज सिक्युअर’ निवडा, मग ‘सर्टिफिकेट इज व्हॅलिड’. उघडलेल्या चौकटीत ‘इश्यूड बाय’ खाली कोणाचं नाव आहे ते वाचा. डिजिसर्ट, लेट्स एन्क्रिप्ट, गुगल ट्रस्ट सर्व्हिसेस अशी, साइटना ओळखीचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांची नावं असतील तर जोडणी थेट आहे. तिथे तुमच्या कंपनीचं नाव, किंवा झीस्केलर, नेटस्कोप, फोर्टिनेट असल्या नेटवर्क तपासणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं, तर मजकूर मध्येच उघडला जातोय. बंद पाकीट फाटकावर फोडावं, वाचावं आणि नव्या पाकिटात घालून पुढे पाठवावं, तसं हे चालतं. ब्राउझर तक्रार करत नाही, कारण त्या फाटकाचा शिक्का खरा माना असं कंपनीने लॅपटॉपला आधीच सांगून ठेवलेलं असतं. तपासणी बँकेच्या साइटवर करू नका. अनेक कंपन्या बँका आणि रुग्णालयांच्या साइट्स यातून वगळतात, त्यामुळे तिथे सगळं ठीक दिसेल आणि तुमचा गैरसमज होईल. वर्तमानपत्राची साइट चांगली.

इन्कॉग्निटोने यातलं काहीच थांबत नाही. तो फक्त त्या ब्राउझरमध्ये इतिहास उरू देत नाही. यंत्रावरचं सॉफ्टवेअर आणि नेटवर्कवरचं फाटक दोन्ही जिथल्या तिथे असतात.

स्वतःचा फोन ऑफिसच्या वायफायवर असेल तर चित्र वेगळं. कंपनीचं सर्टिफिकेट फोनमध्ये घातलेलं नसेल, तर त्यांना साइटचं नाव दिसू शकतं, आतला मजकूर दिसत नाही. पण नावही पुरेसं बोलकं असतं. नोकरी शोधण्याच्या साइटचं नाव दुपारी तीनला रोज नोंदवलं जात असेल, तर आतलं पान पाहायची गरज कुणाला पडते? मोबाइल डेटा वापरा.

तिसरी जागा कंपनीच्या खात्यांची. मायक्रोसॉफ्ट टीम्सवरची दोघांमधली चॅट ‘प्रायव्हेट’ म्हणवत असली तरी ती कंपनीच्या मेलबॉक्समधल्या लपलेल्या फोल्डरमध्ये साठते, आणि चौकशीच्या वेळी अधिकार असलेला माणूस तिच्यात शब्द टाकून शोध घेऊ शकतो. कंपनीने संदेश जपून ठेवण्याचं धोरण लावलेलं असेल, तर तुम्ही डिलीट केलेला संदेशही मिळतो, आणि बदलण्याआधीचा मजकूरही. स्लॅक या ऑफिस-चॅटच्या मोठ्या प्लॅनमध्येही कंपनीला खासगी संदेश बाहेर काढण्याची सोय मिळू शकते. मॅनेजरबद्दलचा राग कंपनीच्या चॅटवर काढू नका. पगाराची तुलना, आजारपण, संघटनेची जुळवाजुळव यांचीही ती जागा नाही. व्हिडिओ मीटिंग संपली असं वाटतं तेव्हा रेकॉर्डिंग खरंच थांबलंय का, हे वरच्या कोपऱ्यात पाहून मगच गप्पा सुरू करा. आता बोलण्याचं लेखी रूपही आपोआप तयार होतं, आणि ते शोधायला तासभराच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी सोपं असतं.

या खात्यांमधून कर्मचाऱ्यांचं मोजमाप काढण्याचा मोह किती सहज होतो, हे २०२० मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टने ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ आणला, त्यात कुठल्या कर्मचाऱ्याने मेल, चॅट किती दिवस वापरले हे नावानिशी दिसत होतं. व्हिएन्नाचे संशोधक वोल्फी ख्रिस्टल यांनी ते उघडपणे मांडलं, गदारोळ झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने त्यातून व्यक्तींची नावं काढून टाकली.

‘ॲक्टिव्हिटी’चा आकडा कसा निघतो

हा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण घरून काम करणाऱ्यांचं आणि फ्रीलान्सरांचं मूल्यमापन आता यावर चालतं. हबस्टाफसारखी कामाचा वेळ मोजणारी साधनं वेळेचे १० मिनिटांचे तुकडे करतात. एका तुकड्यात ६०० सेकंद. ज्या सेकंदात एखादी की दाबली गेली किंवा माउस हलला, तो सेकंद सक्रिय. ६०० पैकी २४० सेकंद सक्रिय निघाले तर आकडा ४० टक्के. बस, एवढंच गणित.

आता एक वकील किंवा इंजिनिअर ४० पानी करार वाचतोय असं धरा. दर २० सेकंदांनी तो एकदा स्क्रोल करतो. १० मिनिटांत ३० सेकंद सक्रिय झाले, म्हणजे ५ टक्के. शेजारचा माणूस ऑनलाइन दुकानात चपला चाळत बसलाय, त्याचा माउस सतत फिरतोय, त्याचे ७० टक्के सहज होतात. यंत्राने दोघांचंही मोजमाप बरोबर केलंय. त्याने हाताची हालचाल मोजली. ती कामाच्या जागी वाचली गेली, ही चूक तक्ता वाचणाऱ्याची.

हा आकडा बोनसशी किंवा मूल्यमापनाशी जोडला जाणार असेल, तर वाचन, फोन, मीटिंग आणि कागदावरचं काम यांची वेगळी, हाताने भरायची नोंद असावी अशी मागणी आधीच करा. महिना संपल्यावर केलेला खुलासा बचावासारखा वाटतो. अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवर काम करणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. स्क्रीनच्या फोटोत काही खासगी आलं तर तो साइटवरच्या कामाच्या डायरीतून काढता येतो, पण त्याबरोबर त्या १० मिनिटांचे पैसे जातात. आणि हाताने भरलेल्या तासांना अपवर्कच्या तासावारी कामाचं पेमेंट-संरक्षण मिळत नाही.

माउस हलवणाऱ्या यंत्राबद्दल स्पष्टच सांगायला हवं, कारण ते ऑनलाइन स्वस्तात मिळतं आणि तरुण मुलं घेतात. यूएसबीला लावलं की ते स्वतःची ओळख लॅपटॉपला देतं आणि त्याची नोंद राहते. नुसतं बशीसारखं, माउस खालून फिरवणारं घेतलं तरी तासभर कर्सर हलतोय पण एकही क्लिक नाही, एकही अक्षर नाही, एकही विंडो बदललेली नाही, हा नमुना सॉफ्टवेअरला चटकन ओळखू येतो. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये कीबोर्डवर काम चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून डझनाहून जास्त जणांना काढलं. काम कमी केल्याचा आरोप लढता येतो. फसवणुकीचा आरोप लागला की पुढच्या नोकरीच्या पडताळणीतही तो पाठीशी लागू शकतो.

फोन

सर्वांत मोठा धोका बहुतेकांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेला असतो. फोनच्या मूळ मेल ॲपमध्ये ऑफिसचं एक्सचेंज खातं (मायक्रोसॉफ्टची ऑफिस-मेल सेवा) जोडताना एक परवानगी मागितली जाते: डिव्हाइस ॲडमिनिस्ट्रेटर. तिच्या यादीत ‘इरेज ऑल डेटा’ अशी ओळ असेल तर थांबा. होकार दिलात, तर नोकरी सोडल्यावर किंवा फोन हरवल्याची नोंद झाल्यावर आयटीचा माणूस दुरून पूर्ण फोन पुसू शकतो, मुलांच्या फोटोंसकट. तोच मेल आउटलुकच्या ॲपमध्ये घेतलात तर पुसण्याची आज्ञा त्या ॲपमधल्या कंपनीच्या डेटापुरती राहते.

अँड्रॉइडवर त्याहून चांगला मार्ग म्हणजे वर्क प्रोफाइल. यात ऑफिसची ॲप्स वेगळ्या कप्प्यात जातात आणि त्यांच्यावर ब्रीफकेसचं छोटं चिन्ह दिसतं. तुमच्या स्वतःच्या फोनवर अशी व्यवस्था असेल, तर कंपनीला फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि ऑफिसच्या कप्प्यातली ॲप्स दिसतात. तुमचे फोटो, संदेश आणि खासगी ॲप्समधला मजकूर दिसत नाही. नोकरी सुटली की फक्त तो कप्पा पुसला जातो. लोकेशनच्या सेटिंगमध्ये वर्क प्रोफाइलसाठी वेगळं बटण असतं, ते पाहून घ्या. संध्याकाळी हा पूर्ण कप्पा ‘पॉज’ करता येतो, मग ऑफिसची एकही सूचना येत नाही.

आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ पाहा. तिथल्या प्रोफाइलवर टॅप केलं की कंपनीने कुठले अधिकार घेतलेत ते वाचता येतं. पूर्ण फोनच कंपनीच्या व्यवस्थेत नोंदवलेला असेल, तर त्यावर बसवलेल्या सगळ्या ॲप्सची यादी कंपनीला दिसू शकते. डेटिंगचं, कर्जाचं, मानसिक आरोग्याचं ॲप आहे एवढं कळलं तरी पुष्कळ कळतं. कंपनी एवढं मागत असेल, तर कंपनीने फोन द्यावा. ही मागणी रास्त आहे आणि ती करताना संकोच नको.

हजेरीच्या ॲपला लोकेशन द्यावंच लागलं तर ‘ऑल द टाइम’ देऊ नका, ‘व्हाइल युजिंग द ॲप’ द्या. ॲप तेवढ्यावर चालत नसेल, तर ते कामाच्या वेळेबाहेरही माग ठेवतंय का, हे लेखी विचारा. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींमध्ये, तळघरात, पत्र्याच्या शेडखाली तो बराच चुकतो. म्हणून ५० मीटरच्या घेऱ्यात बसूनही ‘बाहेर’ अशी नोंद होते. तसं झालं की त्याच क्षणी वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी मेल करा. पगाराच्या दिवशी आठवणीवर भांडण्यापेक्षा हे बरं.

हा विषय फक्त आयटीवाल्यांचा नाही. नागपूर महापालिकेने सफाई कर्मचाऱ्यांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. माणूस कुठे उभा आहे ते घड्याळ सांगतं, गल्ली स्वच्छ झाली का ते सांगत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करून आंदोलन केलं. फोन निकृष्ट होते आणि पोषणाच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. एकेकटीने तक्रार केली असती तर ती कार्यालयात पडून राहिली असती. सगळ्यांनी मिळून फोन जमा केले तेव्हा राज्यभर बातमी झाली.

कायदा कुठवर येतो

के. एस. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध बजावता येतात. खासगी कंपनीपुढे तो निकाल थेट ठेवून फारसं साधत नाही.

त्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. नोकरदारांनी त्यातलं कलम ७ वाचलंच पाहिजे. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, गुपितं जपण्यासाठी कर्मचाऱ्याचा डेटा वापरायचा असेल तर संमती लागत नाही, असं ते म्हणतं. आणि माझ्याबद्दल काय माहिती ठेवली आहे ती दाखवा, हा कलम ११ मधला हक्क संमतीवर घेतलेल्या डेटाशी बांधलेला आहे. म्हणजे मालकाने कलम ७ चा आधार घेतला तर तो हक्कही हातातून निसटतो. कायद्यातली ही मोठी उणीव आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. तरीही दोन गोष्टी उरतात. डेटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी कंपनीचीच राहते, ती पाळली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आणि तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवणं तिला बंधनकारक आहे. बोटांचे ठसे, चेहरा यांना तर २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनीच संवेदनशील डेटा ठरवलं आहे.

युरोपात नेमके कुठले प्रश्न विचारायचे हे न्यायालयानेच आखून दिलं. रुमानियातले बोग्दान बर्बुलेस्कू कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलले म्हणून २००७ मध्ये नोकरीवरून गेले. मालकाने त्यांच्यापुढे ४५ पानी उतारा ठेवला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. नियम तोडला की नाही, यापाशी न्यायालय थांबलं नाही. पाळतीची आधी कल्पना दिली होती का, ती किती खोल होती, कारण काय होतं, याहून सौम्य उपाय होता का, हे त्याने तपासलं.

भारतात हा निकाल बंधनकारक नाही, पण तेच प्रश्न एचआरला मेलवर विचारता येतात. मजकूर साधा ठेवा: ‘माझ्या लॅपटॉपवर आणि खात्यांवर कोणती माहिती गोळा होते, ती किती दिवस ठेवली जाते, कोणाला दिसते, मूल्यमापनात वापरली जाते का, कामाच्या वेळेबाहेर नोंद थांबते का, हे धोरणात कुठे दिलं आहे ते कृपया कळवावं.’ आरोप करू नका, कुणाचं नाव घेऊ नका. चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून विचारलं तर एकावर रोख येत नाही. उत्तर आलं नाही तरी तुम्ही विचारल्याची तारीख राहते, आणि पुढे वाद झाला तर ती उपयोगी पडते. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांसाठी ‘नाइट्स’ ही संघटना काम करते.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासगी विधेयकं क्वचितच कायदा होतात, तेव्हा तोवर टीम्सच्या मोबाइल ॲपमधली ‘क्वाएट टाइम’ची सोय लावून टाका आणि तशी वेळ टीमला सांगून ठेवा.

उचलून आणण्याचा क्रम

क्रम महत्त्वाचा, कारण तो उलटा झाला की नवे पासवर्डही ऑफिसच्या यंत्रात जाऊन बसतात. लॅपटॉपवरच करावं लागतं तेवढं सोडून सगळं स्वतःच्या फोनवरून, मोबाइल डेटावर करा.

व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून ऑफिसचा लॅपटॉप लॉग आउट करा. मग लॅपटॉपच्या क्रोममधून खासगी जीमेलचं सिंक बंद करा आणि त्या यंत्रावरचा डेटा पुसण्याचा पर्याय निवडा. हे राहिलं तर घरी फोनवर साठवलेले बँकेचे पासवर्डही ऑफिसच्या क्रोममध्ये उतरत राहतात. त्यानंतर गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’त ‘युअर डिव्हाइसेस’मधून तो लॅपटॉप काढा. हे झाल्यावरच जीमेल, बँक आणि डिमॅटचे पासवर्ड बदला.

मग फाइल्स. विंडोजवर वनड्राइव्हच्या ढगाच्या चिन्हातून सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप पाहा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तीन फोल्डर बहुधा आपोआप कंपनीच्या क्लाउडवर जात असतात. घाईत डेस्कटॉपवर ठेवलेलं आधार, पॅन, मुलांच्या शाळेचा दाखला हे सगळं तिथे पोचलेलं असतं. लॅपटॉपवरून डिलीट केल्यावर वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमधूनही काढा. कंपनीच्या बॅकअपमध्ये काही काळ ते राहू शकतं, त्यावर तुमचा इलाज नाही.

हे सगळं राजीनाम्याच्या बरंच आधी करा. राजीनामा दिल्यावर अनेक ठिकाणी डेटा बाहेर जाण्यावर जास्त बारीक लक्ष असतं, आणि त्या काळात पेन ड्राइव्हला कॉपी केलेल्या किंवा जीमेलला पुढे पाठवलेल्या फाइल्स खासगी असल्या तरी संशय येतो. कंपनीची एकही फाइल नमुना म्हणूनसुद्धा घेऊ नका. तुम्ही स्वतः लिहिलेला कोड किंवा प्रेझेंटेशनही बहुतेक करारांनुसार कंपनीचंच असतं. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ मात्र दर वर्षी रीतसर उतरवून घेत जा, कारण पोर्टलचं लॉगिन अनेकदा शेवटच्या दिवशीच बंद होतं. ऑफिसचा मेल पत्ता कुठे कुठे दिलाय ते शोधा: विमा, म्युच्युअल फंड, बँक, आयकर पोर्टल. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनला स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल जोडलेला आहे ना, हेही बघा. कंपनीने दिलेल्या सिमकार्डाचा नंबर तिथे राहिला असेल, तर सिम परत केल्यावर ओटीपी येणार नाही आणि पैसे काढताना अडकाल.